हात दाबेपर्यंत

मिरज,
४ ऑगस्ट २०२४

चि. उर्वीस,
नलूआत्याचे अनेक आशीर्वाद आणि सलाम, वि. वि.

तुझे फोन येतात, पण मला त्यांचा उपयोग नाही हे तुला ठाऊक आहे. माझे कान आता पुरते संपावर गेले आहेत. मोबाइलवर तू पाठवतेस ते अंगठे आणि पिवळी तोंडं मला समजत नाहीत, आणि मी काही टाइप करायला गेले की तिसरंच काहीतरी उमटतं. म्हणून पूर्वीसारखं पुन्हा हे पत्र. उत्तर लिहायचा कंटाळा येईल तुला. येऊ दे. तुझ्या आईलाही कंटाळा यायचा, पण हातातलं काम तिने कधी अर्धवट सोडलं नाही.

घरी सगळं ठीक. शेवग्याला यंदा इतक्या शेंगा लागल्या की शेजारी मला बघून आता दार लावून घेतात. तुझ्या आईची, प्रितीची खोली ती गेल्यापासून तशीच आहे. तिच्या माघारी नणंदेने भावजयीच्या कपाटाला हात लावावा की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. तू दिवाळीला आलीस की दोघी मिळून आवरू.

आता मुद्द्याचं. मंडईत तुझ्या शाळेतल्या मैत्रिणीची आई भेटली. ती म्हणाली की उर्वी मुंबईत रविवारी चर्चला, उपासनेला जात नाही म्हणे, किती महिने झाले. तिने हे माझ्या कानाशी ओरडून सांगितलं, त्यामुळे मला अर्धं कळलं आणि भाजीवाल्याला पूर्ण. खरं आहे का हे? तुझा बाप गेला तेव्हा तू एवढीशी होतीस, आणि तरी तुझ्या आईने तुला एक रविवार चुकवू दिला नव्हता. खरं काय ते लिही. मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण पत्रातून आलेला राग काही फार झोंबत नाही.

तुझ्यावरचा लोभ पत्राची वाट बघत दारातच बसून आहे, त्याला फार ताटकळत ठेवू नकोस.

तुझी आत्या,
नलू

---

गिरगाव, मुंबई,
१८ ऑगस्ट २०२४

ती. नलूआत्यास,
उर्वीचा प्रेमपूर्वक सलाम, वि. वि.

खरं आहे. पण मी प्रयत्न केला नाही असं समजू नकोस, आधी सगळं ऐक. म्हणजे वाच.

आई गेल्यावर पहिल्यांदा मी इथे घराजवळच्या जुन्या मराठी चर्चच्या देवळात गेले. इमारत बघून डोळे निवतात, लाकडी बाकं, उंच खिडक्या. मी तिसऱ्या बाकावर बसले तर एक बाई येऊन गोड हसून म्हणाल्या की हे बाक सोनवण्यांचं आहे. मी मागे सरकले, ते निघालं रणपिशांचं. शेवटी खांबाआड बसले. संदेश छोटा आणि सूचना मोठ्या, कारण जागेच्या भानगडीत मंडळीत दोन तट पडलेत आणि प्रत्येक तटाला काहीतरी जाहीर करायचं होतं. उपासना संपल्यावर तीन जणींनी माझी चौकशी केली. तिघींनीही वय, पगार आणि लग्नाचं काय, एवढंच विचारलं.

मग परळला, मी काम करते त्या हॉस्पिटलपासून जवळ, एका मॉलमधल्या हॉलमध्ये इंग्रजीतून उपासना करणारी मंडळी जमते तिथे गेले. मोठा पडदा, दिवे, गिटार. गायन खरंच सुंदर. दारात हसऱ्या मुली उभ्या असतात, त्या नवीन आलेल्यांना कॉफीचा मग भेट देतात. मला पहिल्या रविवारी मग मिळाला. दुसऱ्या रविवारीही मिळाला. तिसऱ्या रविवारी त्याच मुलीने तितक्याच प्रेमाने पुन्हा मग दिला आणि पहिल्यांदाच आलात का म्हणून विचारलं. घरी आता तीन मग आहेत, तू आलीस की त्यातून चहा देईन.

हे सगळं मी हसून सोडलं असतं, आत्या. पण एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. आई ट्रीटमेंटसाठी माझ्याकडे होती तेव्हा दादरच्या एका प्रार्थनासभेत मी तिला नेत असे. तिथल्या उपदेशकाने तिच्या डोक्यावर तेल लावून जाहीर केलं की ही बरी झाली आहे, आता औषध घेणं म्हणजे अविश्वास. आईने माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला केमोला घेऊन गेले. ती गेल्यावर मी त्या सभेला एकदाच गेले, कुणीतरी जवळ घेईल म्हणून. त्या माणसाने सगळ्यांसमोर सांगितलं की देव तयार होता, पण घरात कुणीतरी मनात शंका धरून बसलं होतं.

ती शंका माझी होती. तेव्हापासून प्रार्थनेसाठी डोळे मिटले की पहिलं वाक्यच येत नाही. देव नाही असं मला वाटत नाही. आहे असंच वाटतं, आणि तो माझ्याकडे पाठ करून बसलाय असं वाटतं. सरळ सांगते, आता मला हे सगळं सोडून द्यावंसं वाटतं. निदान तेवढं तरी प्रामाणिक होईल.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस, सध्या तेवढाच एक आहे.

तुझी,
उर्वी

---

मिरज,
२६ ऑगस्ट २०२४

चि. उर्वीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचून मी अंगणात जाऊन उभी राहिले. घरात राहिले असते तर काहीतरी फोडलं असतं.

त्या माणसाला माझ्यासमोर आण. मी त्याला हात जोडायला लावणार नाही, एक आठवडा कॅन्सर वॉर्डात बेडपॅन धुवायला लावेन. उभा जन्म मी नर्स होते. रात्रंदिवस प्रार्थना करणारी माणसं माझ्या हातावर गेली, आणि देवाचं नाव काढलं की शिव्या घालणारे चालत घरी गेले. याचं कारण मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. पण तेलाची बाटली घेऊन फिरणाऱ्या माणसाला ते कळलंय यावर माझा विश्वास नाही. केमोला नेलंस ते बरोबर केलंस. हे वाक्य पुन्हा वाच.

हे सगळं तू एवढे महिने पोटात ठेवलंस आणि मला शेंगांच्या गोष्टी लिहायला लावल्यास, याचा मात्र मला खरंच राग आला.

आता माझं एक काम कर. लालबागला माझी ट्रेनिंगची मैत्रीण राधाबाई राहते. महापालिकेच्या दवाखान्यातून रिटायर झाली, मुलगा अजित आणि सून जुई यांच्याबरोबर चाळीत असते. त्यांची छोटी मंडळी आहे, स्वतःचं देऊळ नाही. रविवारी संध्याकाळी कुणाच्या तरी उसन्या हॉलमध्ये जमतात आणि गुरुवारी राधाच्या घरी प्रार्थना असते. मी तिला लिहिलंय. फक्त एक गुरुवार जा. प्रार्थना करू नकोस, नुसती जाऊन बस. पुढे सोडून द्यायचं असलं तर माझी ना नाही. म्हणजे आहे, पण मी ती मनात ठेवीन.

लोभ कमी झालेला नाही, उलट त्याला सध्या ताप आलाय.

तुझी,
आत्या

---

गिरगाव,
१४ सप्टेंबर २०२४

ती. नलूआत्यास,
प्रेमपूर्वक सलाम, वि. वि.

गेले. आणि जे झालं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

मी गेले तो गुरुवार नेमका गणपतीतला आला. लालबागला पाय ठेवायला जागा नव्हती, बस लांबच सोडावी लागली. राधाबाईंची चाळ एका गल्लीत आत आहे, खाली चाळीचा स्वतःचा गणपती बसलेला. वर दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली. आठ-नऊ माणसं सतरंजीवर बसली होती. त्यातले वडीलधारे म्हणजे चिंतामणीकाका, बेस्टमधून निवृत्त झालेले, गुडघा दुखरा, तरी घरातल्या दोन्ही खुर्च्या त्यांनी म्हाताऱ्या बायकांना दिल्या होत्या. जुईने वाटाण्याची उसळ बारीक गॅसवर ठेवली आणि ती पण येऊन बसली.

गीत झालं, बायबलमधलं वचन झालं, आणि मग साखळी प्रार्थना. सगळ्यांनी गोलात हात धरले, डोळे मिटले. माझ्या एका हाताला चिंतामणीकाका आणि दुसऱ्या हाताला राधाबाई. एकामागून एक प्रार्थना करत काका माझ्यापर्यंत आले, त्यांनी आमेन म्हटलं, माझा हात जरा दाबला आणि गप्प झाले. मला वाटलं, धीर द्यायला दाबला असेल. बाकी ठिकाणी कसं असतं, एखादा बोलला नाही की दोन श्वास थांबून पुढचा सुरू करतो. म्हणून राधाबाई सुरू करतील याची वाट बघत मी गप्प बसले.

त्या सुरू करेनात. मला वाटलं, आता करतील. खाली गणपतीची आरती सुरू झाली. एक झाली, दुसरी झाली, टाळ्या, झांजा, सगळ्या आरत्या एकामागून एक झाल्या. प्रसादाचा गोंधळ झाला, मुलं जिन्यावरून धावत गेली. खोलीत कुणी हललं नाही. मग करपल्याचा वास यायला लागला. उसळ लागत होती. मी डोळे किलकिले करून पाहिलं. जुई समोरच बसली होती, तिलाही वास येत असणारच, पण ती उठली नाही. काकांचा गुडघा थरथरत होता, तरी त्यांनी पाय सोडला नाही. सगळे नुसते थांबले होते. आत्या, माझ्यासाठी थांबले होते.

मला भीती वाटली, पण पळून जावंसं वाटायला लावणारी नाही. मोठ्या माणसाच्या खोलीत चुकून शिरावं आणि त्याने काही न विचारता बसू द्यावं, तशी. एवढी शांतता मी कुठल्याही देवळात अनुभवलेली नाही आणि ही तर लालबागमध्ये, गणपतीत. मला एक शब्द बोलता आला नाही. पण देव पाठ करून बसलाय असंही तेवढा वेळ वाटलं नाही.

शेवटी माझ्या हाताला मुंग्या आल्या, मी बोटं हलवली, आणि त्या क्षणी राधाबाईंनी प्रार्थना सुरू केली!

मागाहून कळलं. यांच्याकडे पद्धत अशी की आपलं झालं की पुढच्याचा हात दाबायचा. तोपर्यंत पुढचा तोंड उघडत नाही, कारण माणूस मनातल्या मनातही प्रार्थना करत असतो आणि त्याला मध्ये तोडायचं नाही. ते सगळे समजले की मी एवढा वेळ प्रार्थना करत होते. राधाबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या की अगं बाय, केवढी मोठी प्रार्थना तुझी, नलीने सांगितलं नव्हतं. काका म्हणाले की इतका वेळ देवापुढे बसणारी त्यांनी फक्त त्यांची आई पाहिली होती, आणि त्यांच्या गुडघ्यासाठी मी प्रार्थना करावी म्हणून विनंती केली. जुई करपलेल्या टोपाचा तळ घासत होती आणि माझ्याकडे आदराने बघत होती. मी कशीबशी जिना उतरले. माझ्यासारखी लबाड त्या चाळीत कधी आली नसेल.

काय करू ते कळव. लोभ आहेच, थोडी अक्कलही पाठव.

तुझी,
उर्वी

---

मिरज,
२४ सप्टेंबर २०२४

चि. उर्वीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

मी इतकी हसले की शेजारीण काय झालं बघायला आली. आमच्या घराण्यात संत निपजली आणि मला पत्ता नाही. आता माझ्याही गुडघ्यांसाठी प्रार्थना कर, दोन्ही दुखतात.

हसून झाल्यावर मात्र पत्र पुन्हा वाचलं. उसळ करपली तरी कुणी उठलं नाही, हे माझ्या डोक्यातून जात नाही. जुईला पहिल्यांदा शाबासकी दे, टोप तिलाच घासावा लागला.

त्यांना खरं सांग. राधाला मी ओळखते, तिला खोटं झेपत नाही आणि खरं पचतं.

माझा लोभ आणि माझे गुडघे, दोन्ही तुझ्या आठवणीत राहू देत.

तुझी,
आत्या

---

गिरगाव,
१३ ऑक्टोबर २०२४

ती. नलूआत्यास,
प्रेमपूर्वक सलाम, वि. वि.

सांगितलं. दोन गुरुवार धीर झाला नाही, तिसऱ्या गुरुवारी साखळी सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की त्या दिवशी मी प्रार्थना करत नव्हते, मला पद्धत माहीत नव्हती, आणि आई गेल्यापासून मला प्रार्थना करताच येत नाही.

मग राधाबाई म्हणाल्या की तू करत नव्हतीस तर नव्हतीस, आम्ही काय इतका वेळ माशा मारत होतो? प्रत्येक जण तुझ्यासाठीच तर मागत होता. त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं, जसं कुणी म्हणावं की तू आली नव्हतीस म्हणून तुझं ताट झाकून ठेवलं. मला तिथल्या तिथे रडू आलं. मग दादरचंही सगळं बाहेर पडलं, तेल, केमो आणि शंका. मला वाटलं आता कुणीतरी समजूत घालेल, वचन काढून दाखवेल. कुणी काही दाखवलं नाही. चिंतामणीकाका तेवढे म्हणाले की शंका त्यांना पण आहे, तरुण मुलगा गेल्यापासून आहे. घरी एकट्याने तिला धरून बसलं की रात्र सरत नाही, म्हणून गुरुवारी ती घेऊन इथे येतात. एवढं सांगून ते गुडघा चोळत बसले.

मी आता दर गुरुवारी जाते आणि रविवारीही त्यांच्या उसन्या हॉलमध्ये जाते. तिथला पंखा आवाज करतो आणि उपासना चालवायला पाळकसाहेब महिन्यातून एकदाच येतात. बाकीच्या रविवारी यांच्यातलंच कुणीतरी वचन समजावतं आणि मध्येच अडलं की इतर जण मदत करतात. मागच्या वेळी जुईचा नंबर होता. ती घाबरतच उभी राहिली आणि इतकं नेमकं बोलली की मी थक्क झाले. हॉस्पिटलमधून थकून आले असले तरी पाय आपोआप तिकडे वळतात.

प्रार्थना अजून येत नाही. माझ्यापर्यंत साखळी आली की मी लगेच राधाबाईंचा हात दाबते. आणि आत्या, एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मी हात दाबला तरी राधाबाई जराशा थांबतात. माझं काही राहिलं असेल तर, म्हणून. दर वेळी थांबतात. मला हे सहन होत नाही इतकं मोठं वाटतं.

आता तुला एक विचारायचंय. तुझी सगळी पत्रं काल पुन्हा वाचली. शेवगा आहे, शेजारी आहेत, गुडघे आहेत. तुझ्या मंडळीबद्दल एक ओळ नाही. पूर्वी, थोडंफार ऐकू यायचं तेव्हा, तू पाळकसाहेबांच्या संदेशातल्या चुका काढून दोन दोन पानं लिहायचीस. तिकडे सगळं ठीक आहे ना?

लोभाबरोबर खरं उत्तरही दे, तूच मला तसं शिकवलंस.

तुझी,
उर्वी

---

मिरज,
२० ऑक्टोबर २०२४

चि. उर्वीस,
आशीर्वाद, वि. वि.

पकडलंस.

प्रिती गेल्यापासून मी मोजके रविवार गेले, आणि ईस्टरनंतर एकही नाही. ऐकू येत नव्हतं तेव्हाही मी जायची, कारण ती शेजारी असायची. गीत सुरू झालं की ती पुस्तकातल्या ओळीवरून बोट फिरवायची, म्हणजे मंडळी कुठे आहे ते मला कळायचं. उभं राहायचं असलं की माझ्या गुडघ्याला हात लावायची. इतक्या वर्षांत मला कधी वाटलंच नाही की मी बहिरी आहे. ईस्टरला मी एकटी गेले. गीत संपून सगळे खाली बसले आणि मी एक आख्खं कडवं एकटीच उभी राहून गात होते. पोरं हसली. त्यांची चूक नाही, मीही लहानपणी हसले असते. पण त्यानंतर पाय निघत नाही. पाळकसाहेब दोनदा येऊन गेले, काहीतरी बोलले, मी मान डोलावली.

तुला ज्याबद्दल दटावलं तेच मी इथे करतेय. मंडईत तुझी बातमी ऐकून मी घाबरले ती तुझ्यासाठीच नव्हे. वाटलं, प्रिती गेली आणि आम्ही दोघी दोन टोकांना विझून चाललो.

दिवाळीला येऊ नकोस म्हणणार होते, तोंड दाखवायची लाज वाटते. पण ये. आणि यातलं काही राधाला सांगू नकोस.

तुझी,
आत्या

(लोभाचं तुला काय लिहू? तोच आता मला सांभाळतोय.)

---

लालबाग,
१६ नोव्हेंबर २०२४

नले,

सलाम. उर्वी दिवाळीहून परत आली, मी विचारलं, तिने सांगितलं. पोरीवर डाफरू नकोस. मी तिचा हात धरून विचारलं, ती काय करणार.

ट्रेनिंगला असताना तू मला रात्रपाळीत झोपू दिलं नाहीस आणि आता स्वतः घरात बसलीस होय? ऐकू येत नाही म्हणतेस. आमच्या चिंतामणींना तरी कुठे धड ऐकू येतं, आणि उर्वीला तर बोलताही येत नाही. आमचं असंच चाललंय. तू ये. आठ दिवस राहा माझ्याकडे. जागा नाही असं म्हणू नकोस, चाळीत जागा कधीच नसते आणि माणूस कधीच परत जात नाही. गुरुवार धरून तिकीट काढ.

आली नाहीस तर मी मिरजेला येऊन तुला उचलून आणेन, आणि माझी कंबर गेली तर खर्च तुझा.

तुझी,
राधा

---

मिरज,
१० डिसेंबर २०२४

चि. उर्वीस,
अनेक आशीर्वाद आणि सलाम, वि. वि.

सुखरूप पोचले. राधाने बांधून दिलेले लाडू गाडीतच संपले, समोरच्या सीटवरच्या कुटुंबाने बरीच मदत केली.

पाच तारखेच्या गुरुवारबद्दल लिहायला बसले आणि दोन कागद फाडले. काय लिहू? त्या खोलीत मला एक शब्द ऐकू आला नाही, आणि एक क्षणही मी बाहेर नव्हते. गायन सुरू झालं तेव्हा जुईने माझा तळवा घेऊन सतरंजीखालच्या फरशीवर ठेवला. सगळे टाळ्या वाजवत होते, अजित पायाने ठेका धरत होता, ते सगळं माझ्या हातात येत होतं. मग साखळी. मी एकेकाचे चेहरे बघत होते, डोळे मिटलेच नाहीत. चिंतामणींचे ओठ हलत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही कारण दोन्ही हात दिलेले होते. इतकी वर्षं मी देवळात डोळे मिटून बसले, देवापुढे माणसं कशी दिसतात ते मी कधी पाहिलंच नव्हतं. मग त्यांनी माझा हात दाबला, आणि माझी वेळ आलीय हे कुणी न सांगता मला कळलं. कुणाचं बोट लागलं नाही, कुणी ओरडलं नाही. मी कुजबुजत थोडं काहीतरी बोलले आणि तुझा हात दाबला.

आणि मग मी बघितलं की तुझे ओठ हलतायत.

उर्वी, मी वेडी व्हायची राहिले. तू काय म्हणालीस ते मला कळलं नाही. राधाला विचारलं तर ती नुसती रडायला लागली, तिचा काही उपयोग नाही. रात्री तुझ्यापुढे कागद केला तर तू मान हलवलीस आणि लिहून पाठवेन अशी खूण केलीस. आता पाठव. नाहीतर मला पुन्हा मुंबईला यावं लागेल, आणि येणार तर मी आहेच, दर महिन्याचा पहिला गुरुवार राधाने ठरवून टाकलाय. इथेही गेल्या रविवारी गेले. पहिल्या बाकावर बसले, लोकांकडे बघता यावं म्हणून उलटी वळून. पाळकसाहेब दचकले.

वाट बघतेय. लोभाला आता धीर धरवत नाही.

तुझी,
आत्या

---

गिरगाव,
१५ डिसेंबर २०२४

ती. नलूआत्यास,
प्रेमपूर्वक सलाम, वि. वि.

आधी तुला तुझंच सांगते, कारण तेही तू ऐकलेलं नाहीस. तुला वाटलं तसं तू कुजबुजली नाहीस, आत्या. तुझा आवाज खालच्या गॅलरीपर्यंत गेला. शेजारच्या खोलीतला टीव्ही कुणीतरी बंद केला, मला तो बंद झालेला ऐकू आला. खालच्या मजल्यावरचे हितेंद्रकाका जिन्यात येऊन उभे राहिले, ते अजितने नंतर सांगितलं.

तू म्हणालीस की प्रभू, प्रितीला नेलंस आणि मला ठेवलंस, हे काय केलंस? तिच्याऐवजी मला नेलं असतंस तर या पोरीला आई राहिली असती. मी तुला रोज विचारते आणि तू गप्प, आणि आता तर तू बोललास तरी मला ऐकू येणार नाही. या पोरीने शंका धरली म्हणतात. मग माझीही धर, माझी तिच्याहून जुनी आहे. आणि मग म्हणालीस, पण तुला सोडून मी जाऊ कुठे. आणि माझा हात दाबलास.

तू अशी बोलतेस देवाशी! मला वाटायचं, तुझी प्रार्थना तुझ्या साडीच्या निऱ्यांसारखी असेल, एकही इकडची तिकडे नाही. खोलीत कुणीही घाबरलेलं नव्हतं. देव ते सगळं ऐकून तिथेच होता, त्या खोलीत, उठून गेला नव्हता. मला ते इतकं स्पष्ट कळलं की श्वास घ्यायची भीती वाटली.

मी काय म्हणाले ते विचारतेस. फार थोडं. पण वाक्य आलं. मी क्षमा मागितली नाही, का नेलंस असंही विचारलं नाही, ते तू विचारून ठेवलं होतंस. मी म्हणाले, प्रभू, आईचे पाय रात्री फार गार पडतात. मोजे घातले तर ती काढून टाकते. तिला झोप लागली की मग पांघरूण घाल, जागी असताना घातलंस तर ती नको म्हणेल.

एवढंच. मग मी राधाबाईंचा हात दाबला.

तुझ्या लोभातली,
उर्वी